एक एप्रिलचा आकडा

एक एप्रिलच्या सकाळी ‘धार’ बंद पडत असे. ती बंद पडावी अशीच तिची रचना होती.

‘धार’ हे दूध डेअरीसाठीचं सॉफ्टवेअर. दयानंद बिराजदारने ते १९९१ मध्ये लिहिलं. कुणी किती लिटर दूध घातलं आणि फॅट किती लागली, एवढं त्यात भरायचं. मग शेजारचा प्रिंटर करकरत चिठ्ठी काढून देई. वर्षभर हे बिनतक्रार चाले. एक एप्रिलला मात्र डेअरीच्या सेक्रेटरीने कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांत लिहिलेला मराठी प्रश्न येई: नवीन वर्षाचा आकडा? बाहेर माणसं किटल्या घेऊन उभी असत. सेक्रेटरी फोन करी. दयानंद डेअरीचा क्रमांक विचारी, कागदावर एक गुणाकार आणि एक बेरीज करी आणि सहा अंकी आकडा सांगे. तो टाकला की पुढच्या एप्रिलपर्यंत प्रश्न नाही.

हे कुलूप घालण्याचं कारण साधं होतं. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपीवर उतरवून एका गावातून दुसऱ्या गावात जाई, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटसारखं. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नसे. आकड्यामुळे लागायचा.

१९९८ मध्ये दयानंद आणि त्याची बायको शैला कोथरूडची भाड्याची जागा सोडून कासार आंबोलीला राहायला आले. दोघं मूळचे उदगीरकडचे. पौड रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं. बाहेर ‘शैल संगणक सेवा’ अशी पाटी लावली. आजूबाजूला पुण्यातल्या लोकांचे बंगले होते. ते शनिवारी उघडत आणि रविवारी संध्याकाळी बंद होत. मधल्या दिवसांत तिथे माळी असत आणि कुत्री.

एक एप्रिलला फोन शैला उचले. आकडा सांगायचं काम तिचं नव्हतं, पण दयानंदच्या हातात रिसीव्हर जाईपर्यंत तिचं समोरच्या माणसाशी बरंच बोलून झालेलं असे. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची गाय आटली, कुणाच्या गावाला एसटी बंद झाली, हे तिला ठाऊक असे. २००३ मध्ये ती गेली. मुलगी जुईली बंगळुरूला होती, ती रविवारी फोन करी. एरवी दयानंदचा फोन आठवडेच्या आठवडे वाजत नसे. एक एप्रिलला मात्र तो खाली ठेवला की पुन्हा वाजे. म्हणून त्या दिवशी दयानंद लवकर आंघोळ उरकून, शर्ट घालून फोनशेजारी बसे. लोक आकडा लिहून घेत, आणि ठेवण्याआधी म्हणत, “बाकी बरं हाय नव्हं सायेब?” तो म्हणे, “बरं आहे.”

हे फोन दरवर्षी कमी होत होते. काही डेअऱ्यांना दूध संघाने नवे कॉम्प्युटर दिले, त्यावर ‘धार’ चालत नव्हती. काही गावांत डेअरीच उरली नाही. नेऱ्याचा फोन बंद झाला कारण नेऱ्यात म्हशी राहिल्या नाहीत. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांसाठी गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या.

आणि २००८ च्या दिवाळीनंतर नेऱ्याहूनच फोन आला.

“हॅलो, शैल संगणक का? ताम्हिणीच्या डेअरीचा आकडा हवा होता.”

आवाज तरुण बाईचा होता. दयानंदने आधी कॅलेंडरकडे पाहिलं.

“आत्ता? नोव्हेंबरात?”

“मशीन बदललंय सर. ‘धार’ नव्याने टाकली तर आकडा मागतेय. मी कल्पना, नेऱ्याला असते. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. ताम्हिणीच्या मदरबोर्डला बुरशी आली होती.”

“म्हणजे?”

“बुरशी, सर. खरीखुरी. पांढरी.”

दयानंद हसला. ताम्हिणीच्या पावसात लोखंडी कपाटातल्या चादरीही ओल्या लागतात. “कपाटात बल्ब नव्हता का? चाळीस वॅटचा बल्ब पेटता ठेवायचा मशीनशेजारी, उबेला. मी सगळ्यांना सांगितलं होतं.”

“होता म्हणे. वाल्मीकभाऊंनी उन्हाळ्यात काढून गोठ्यात लावला. तो तिथेच राहिला.”

वाल्मीक हा ताम्हिणीच्या डेअरीचा सेक्रेटरी. दयानंदने आकडा सांगितला. कल्पनाने तो टाकला, चाललं म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवायच्या ऐवजी म्हणाली, “सर, एकदा भेटू या का? तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, माझ्याकडे मशीन आहेत. आपण दोघं त्याच माणसांकडे वेगवेगळे जातोय.”

दयानंद स्कूटरवरून घोटवड्यामार्गे नेऱ्याला गेला. कल्पनाचं ऑफिस म्हणजे तिच्या वडिलांचा जुना गोठा होता. फरशी नवी होती. भिंतीतली दावं बांधायची कडी तशीच होती आणि तिला वायरींचा जुडगा लटकवलेला होता. मांडण्यांवर पिवळट पडलेले कॉम्प्युटर ओळीने ठेवलेले होते. कल्पना तिशी उलटलेली. हिंजवडीतली नोकरी सोडून तिने ‘कल्प सिस्टिम्स’ काढली होती. कंपन्या जुने कॉम्प्युटर ट्रकने भंगारात देत, ती त्यातले निवडून आणी. जुन्या हार्ड डिस्क आता मिळत नव्हत्या, म्हणून तिने त्यांच्या जागी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बसवायची युक्ती काढली होती. डेअऱ्या, वजनकाटे, तालुक्यातले छापखाने हे तिचं गिऱ्हाईक. टेबलाशी दोन मुली फोन घ्यायला होत्या.

दारात तिचे वडील कुशाबा खुर्ची टाकून बसले होते.

“हितं माझी म्हस बांधलेली असायची,” ते दयानंदला म्हणाले. “आता ही डबडी. दूध न्हाई देत, पर वैरण बी मागत न्हाईत.”

“लाईट खातात की आबा,” कल्पना आतून म्हणाली.

“मंग शेण कुटं हाय?”

“ते तुमाला दर म्हैन्याला भंगारवाला नेतोय त्यात दिसत न्हाई व्हय?”

दयानंदला चहा मिळाला. कल्पनाने आडवळण न घेता बोलणं मांडलं. दोन कंपन्या एक करायच्या. तिचं मशीन, आत त्याची ‘धार’, असा एकच डबा डेअरीला द्यायचा. ‘धार’ मेमरी कार्डावर नीट चालावी म्हणून त्याने तिला मूळ प्रोग्राम उघडून द्यायचा. दुधाच्या संघाला नवे कॉम्प्युटर सगळ्या गावांत परवडणार नाहीत, अजून निदान काही वर्षं हे काम आहे, आणि एकेकट्याने केलं तर दोघंही दमतील. हे सगळं दयानंदला पटत होतं. त्याने मान हलवली.

“दोन गोष्टी आहेत सर,” ती म्हणाली. “एक, ते कुलूप काढायचं. एप्रिलचं.”

“कुलूप काढलं तर चोऱ्या होतील.”

“दोन हजार आठ साल आहे. डॉसवरचं सॉफ्टवेअर कुणी चोरून नेलं तर मी त्याचा सत्कार करीन.”

मुली हसल्या. दयानंदही थोडा हसला. “आणि दुसरी?”

“तक्रारीचे फोन इथे येतील. एकच नंबर. तुम्ही त्यांना सांगायचं की यापुढे घरी फोन करू नका.”

“मी घरीच असतो. केव्हाही उचलतो.”

“ते माहीत आहे सर,” कल्पना म्हणाली, आणि मग जरा हळू, “म्हणूनच. एका माणसाच्या घरी असण्यावर सगळं चाललंय. नवीन डेअरीला हे मी कसं सांगू?”

दयानंदने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. परतताना घोटवड्याच्या चढावर त्याने स्कूटर थांबवली आणि थोडा वेळ उभा राहिला. नकार द्यायला त्याच्याकडे कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्याजोगं नव्हतं: वर्षातला एक दिवस लोक आपल्याला विचारतात, आणि तो दिवस या बाईला द्यायचा की नाही, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता. नाही म्हटलं तर मशीनं मरत जातील आणि ‘धार’ही. हो म्हटलं तर ‘धार’ राहील, फोन जाईल.

डिसेंबर त्याने टाळाटाळीत घालवला. कल्पनाने दोनदा फोन केला. एकदा त्याने सर्दी झाल्याचं सांगितलं, एकदा जुईली येणार असल्याचं. दुसरं खोटं होतं.

जानेवारीत ती स्वतःच कासार आंबोलीला आली, पाठीवरच्या पिशवीत एक छोटं मशीन घेऊन. हातात कराराचा मसुदा होता. स्वयंपाकाला येणाऱ्या रत्नाबाईने दार उघडलं आणि तिला खालून वर बघितलं.

“कोन पाव्हनी म्हनायची?”

“कामाला आलेय मावशी. सरांच्या आणि माझ्या कंपनीचं जमतंय का बघायला.”

“लगीन ठरवाया आल्यावानी कागद घिऊन आलीयास.” रत्नाबाई आत वळून ओरडली, “आवो, सोयरीक आलीया. भाकरी वाढवू का दोन?”

“वाढवा,” आतून दयानंद म्हणाला.

जेवणाला अवकाश होता. कल्पनाने आपलं मशीन त्याच्या टेबलावर मांडलं, ‘धार’ त्यात टाकली. कार्डावर ती चालते का हे बघायचं होतं. चालली. मग वर्ष बदलताना अडकते का ते बघायला तिने मशीनची तारीख पुढे ढकलली, एक एप्रिल २००९ केली. पडद्यावर प्रश्न आला.

“थांब, आकडा काढून देतो,” दयानंद म्हणाला. त्याने कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि गुणाकार मांडला.

कल्पनाला थांबायची सवय नव्हती. चुकीचा आकडा टाकला तर संदेश कसा येतो हे तरी बघू, म्हणून तिने सहा वेळा एक दाबला. ‘धार’ उघडली.

“हे काय?” ती म्हणाली.

दयानंदने मान वर केली. “लागला असेल योगायोगाने.”

तिने तारीख पुन्हा फिरवली. प्रश्न आला. तिने सहा शून्यं टाकली. ‘धार’ उघडली. तिसऱ्यांदा तिने काहीच टाकलं नाही, नुसतं एंटर दाबलं. तरीही उघडली.

दयानंदने खुर्ची पुढे ओढली आणि मूळ प्रोग्राम उघडला. कुलपाचा भाग कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं नाही. टाकलेला आकडा आणि खरा आकडा ताडून बघणारी एकच ओळ होती. तिच्या सुरुवातीला एक चांदणी होती.

त्या भाषेत ओळीच्या आधी चांदणी घातली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, वगळून पुढे जातो. प्रोग्राम लिहिणारे चाचणीपुरती एखादी ओळ अशी झोपवतात आणि काम झालं की चांदणी पुसतात. १९९९ च्या डिसेंबरात दयानंदने ‘धार’मध्ये दोन हजार सालासाठी दुरुस्ती केली होती. त्यासाठी तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलून बघावी लागत होती, आणि दरवेळी ‘धार’ त्यालाच आकडा विचारत होती. वैतागून त्याने ती ओळ झोपवली. दुरुस्ती जमली, वर्ष संपत आलं होतं, फ्लॉप्या काढून गावोगाव पाठवायच्या होत्या. चांदणी पुसायची राहिली. त्यानंतर त्याने स्वतः जेव्हा जेव्हा ‘धार’ चालवून पाहिली, तेव्हा तेव्हा खराच आकडा टाकला. चुकीचा टाकून बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“म्हणजे दोन हजार सालापासून कुलूप उघडं आहे,” तो म्हणाला.

“कुणाला कळलं नसेल सर.”

“एवढ्या डेअऱ्या. एवढे एप्रिल. सकाळच्या घाईत, दुधाच्या ओल्या हाताने आकडा टाकायचा. एकाचंही बोट चुकलं नसेल?”

कल्पनाने कराराचा मसुदा पिशवीत घातला. रत्नाबाईने पानं घेतली. जेवताना दयानंद ठेच्याला चव आहे म्हणाला, एवढंच.

पुढच्या आठवड्यात तो पौडहून माणगावची एसटी धरून ताम्हिणीला गेला. रस्त्याकडेच्या धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं. घाटातलं गवत वाळून पिवळं झालं होतं. ढाबे उघडे होते पण गिऱ्हाईक नव्हतं. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली. आत वाल्मीक कॅन विसळत होता. कोपऱ्यातल्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, आत कल्पनाने दिलेलं मशीन आणि शेजारी पेटता बल्ब.

“आता कशाला पेटवलाय? पाऊस कुठे आहे?”

“तिनं दम दिलाय सायेब. काडला तर म्हनली मशीन परत नेईन.” वाल्मीकने त्याला स्टूल दिलं. “सवता आलासा? फोन तरी करायचा. चा टाकायला सांगतो.”

“वाल्मीक, एक विचारायचं होतं.”

“इचारा की.”

“एप्रिलचा आकडा चुकीचा टाकला तरी चालतं. हे तुम्हाला माहीत होतं?”

वाल्मीकने कॅनमधलं पाणी ओतून दिलं. मग कॅन पालथा घातला.

“कुनी सांगितलं?”

“मीच बघितलं.”

“मंग बरं झालं. मला वाटलं कुनी चुगली केली.” त्याने हात पुसले. “लई वर्सं झाली त्याला. येका साली फोनच बंद व्हता. मानसं किटल्या घिऊन उभी, दूध नासायची पाळी. म्हनलं गेल्या सालचा आकडा टाकून बघू. चाललं की फाटदिशी.”

“आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा मला फोन केलात.”

“केला.”

“कशाला?”

वाल्मीकने त्याच्याकडे बघितलं, सांगावं की नाही असं. “राग न्हाई ना धरनार?”

“नाही.”

“तुमी हाय का न्हाई ते बघाया.”

दयानंदने स्टूल जवळ ओढलं.

“वैनी गेल्या, तुमी येकलं. वय झालं. उद्या तुमाला काय झालं तर आमाला कोन कळवनार? ह्ये बंद पडलं तर आमी कुनाकडं जायचं? तवा वर्सातनं येकदा आवाज ऐकायचा. सायेब बोलतोय, म्हंजी औंदाचं साल निभलं.” वाल्मीकने हे माफी मागण्याच्या सुरात सांगितलं नाही. पावसाच्या अंदाजाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

“बाकीच्यांनाही ठाऊक आहे?”

“समद्यांचं मला काय म्हाईत. माले गावच्या शेक्रेटरीला हाय, मीच सांगितलं त्याला. त्यो बी करतुया की फोन.”

चहा आला. दयानंदने कप हातात धरला. “आणि कल्पनाला? तिलाही सांगता आलं असतं की काहीही टाक म्हणून.”

“तिला मुद्दाम न्हाई सांगितलं. म्हनलं आकडा लागंल, सायबास्नी फोन कर. तिच्याकडं मशीन, तुमच्याकडं पोग्राम. बोलल्याबिगर कसं जमायचं? पोरगी हुशार हाय. आन तुमी काय आपनहून कुनाला फोन करनार हायसा?”

“असं का म्हणता?”

“का म्हंजी? इतक्या वर्सांत येकदा तरी केलाय का आमाला? वैनी करायच्या. आदीमदी. म्हस इली का, पोराचा पाय बरा झाला का. तुमी फकस्त उचलायचं काम केलं.”

शैला फोन करत असे हे दयानंदला माहीत नव्हतं. बिल तो भरत असे, पण ते कुणाकुणाला केल्याचं आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो चहा प्यायला. परतीची एसटी यायला वेळ होता. वाल्मीकने त्याला बांधावरची करवंदीची जाळी दाखवली आणि मे महिन्यात या म्हणून सांगितलं. “फोन करून या,” असंही म्हणाला आणि हसला.

फेब्रुवारीत दयानंदने नेऱ्याच्या गोठ्यात करारावर सही केली. साक्षीदार म्हणून कुशाबांनी सही केली आणि लगेच विचारलं, “आता ह्यांचं कंपूटर बी हितंच का? जागा न्हाई हां.” नव्या कंपनीचं नाव ‘कल्प-शैल’ ठरलं होतं. पाटी अजून रंगवायची होती.

“फोन तुझ्याकडे,” दयानंद म्हणाला. “सगळ्यांना मी पत्र टाकतो. पण प्रश्न राहू दे.”

“कुठला?”

“एप्रिलचा. आकडा विचारणं तसंच ठेव.”

“आणि ओळ? चांदणी काढायची?”

“नाही. तीही तशीच.”

कल्पना पेन हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे उघडं कुलूप दाराला लटकवून ठेवायचं.”

“हो.”

“का सर?”

“त्यांना वर्षातून एकदा बघता यायला हवं की या बाजूला कुणीतरी आहे. आकडा न मिळाल्यामुळे दूध मात्र नासायला नको.”

तिने यावर वाद घातला नाही. गुणाकार कसा मांडायचा, कुठली संख्या मिळवायची, हे त्याने टेबलाशी बसणाऱ्या दोन्ही मुलींना समजावून दिलं. त्यातली सायली नावाची मुलगी म्हणाली, “पण काका, कुठलाही चालतो तर आम्ही काहीही सांगितलं तरी चालेल ना?” दयानंद म्हणाला, “चालेल.” कल्पना त्याच वेळी म्हणाली, “नाही.”

एक एप्रिल २००९ ला बुधवार होता. दयानंदने सकाळी लवकर आंघोळ केली, शर्ट घातला आणि फोनशेजारी बसला. आपण कशासाठी बसलो आहोत हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. तरी तो उठला नाही.

रत्नाबाई आली, तिने भांडी घासली, कणीक मळली. मग पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

“आज वाजंना त्यो?”

“आता नेऱ्याला वाजतो.”

“मंग हितं बसलाय कशापाई? तितं जाऊन बसा.”

ती गेल्यावर घरात पंख्याचा आवाज राहिला. शेजारच्या बंगल्यात माळी पाइपने पाणी मारत होता, तेही थांबलं. दयानंदने रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता.

त्याने डायरी काढली आणि ताम्हिणीच्या डेअरीचा नंबर शोधला. इतकी वर्षं तो नंबर डायरीत होता, पण त्याने कधी फिरवला नव्हता. पलीकडे घंटी वाजत राहिली. सकाळचं दूध संपलं होतं, खोलीला कुलूप लागलं असणार. कपाटात बल्ब पेटता असेल आणि शेजारी फोन वाजत असेल. घंटी आपोआप तुटेपर्यंत त्याने वाट पाहिली.

मग नेऱ्याचा नंबर लावला. व्यस्त होता. थोड्या वेळाने लावला, तरी व्यस्त. तो पाणी प्यायला, त्याने वाचलेलंच वर्तमानपत्र पुन्हा वाचलं आणि नंबर लावला. टूं टूं टूं. जेवण झाल्यावरही तेच. या गावातून त्या गावातून ती माणसं सकाळपासून तिकडे बोलत होती. कोण कोण असेल हे त्याला आवाजांवरून सांगता आलं असतं.

दुपार उतरायला लागली तेव्हा पलीकडे फोन उचलला गेला.

“नमस्कार, कल्प-शैल. डेअरीचा क्रमांक सांगा.”

ती सायली नव्हती, दुसरी मुलगी होती. तिने आवाज ओळखला नाही.

“क्रमांक...” दयानंद थांबला. आपण कल्पनाशी बोलायला फोन केला होता, की तिथे सगळं ठीक चाललंय का विचारायला, हे त्याला ठरवता येईना.

“गावाचं नाव सांगा, मी शोधते.”

“कासार आंबोली.”

कागद चाळल्याचा आवाज आला. “कासार आंबोलीला डेअरी दिसत नाहीये इथे.”

‘धार’ लिहिली तेव्हा चाचणीसाठी एक खोटी डेअरी लागली होती. ती त्याने स्वतःच्या मशीनवर उभी केली आणि तिला पहिला क्रमांक दिला. खऱ्या डेअऱ्या दोनपासून सुरू झाल्या. “एक,” तो म्हणाला. “क्रमांक एक आहे.”

“एक नंबर? बरं. थांबा हं.”

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला असावा. मागचे आवाज ऐकू येऊ लागले. कुशाबा कुणाला तरी खुर्ची सरकवायला सांगत होते. एक प्रिंटर चालत होता. दुसऱ्या फोनवर कल्पना मोठ्याने बोलत होती, “ते सगळं राहू द्या हो. आधी कपाटातला बल्ब पेटता आहे का ते बघून या. मी थांबते.” मग कुणीतरी हसलं.

मुलीने रिसीव्हर उचलला आणि सहा अंक एकेक करून सांगितले. दयानंदने ते लिहून घेतले.

“बाकी सगळं ठीक चालू आहे ना?” तिने विचारलं. तसं विचारायचं हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

“बरं आहे,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने पेन्सिल घेतली आणि खाली गुणाकार मांडला, बेरीज केली. मग तो आतल्या खोलीत गेला. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर सकाळपासून चालू होता आणि काळ्या पडद्यावर प्रश्न तसाच होता.

मुलीने दिलेला आकडा बरोबर होता. त्याने तो टाकला.